घड्याळकाकांचा गुलाब

शनिवारी दुपारी चाराला दोन मिनिटं कमी असताना घड्याळकाका खुर्ची टीव्हीसमोर ओढायचे, मांडीवर दोनशे पानी वही घ्यायचे, पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टोचून बघायचे आणि म्हणायचे, "अगं, मशीन जरा थांबव."

आणि शिवणकाकू मशीन न थांबवता विचारायच्या, "आली का माझी सवत?"

सवत म्हणजे बागेच्या कार्यक्रमातली बाई. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस कसेबसे वर गुंडाळलेले, नखांत कायमची माती. ही बाई खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची, मूठभर बाहेर काढून वास घ्यायची आणि असं काही हसायची की काकूंना वाटे, एवढं खूश तर आपण नवं कापड उलगडतानाही होत नाही. पण बाई कामाचं बोलायची. रोपाला पाणी पानावर नको, बुंध्याशी द्या. रोज शिंपडू नका, दोन दिवसांनी पोटभर पाजा. माती मुठीत दाबा, गोळा झाला आणि बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर पेरायला घ्या, नाही फुटला तर थांबा. काका हे सगळं वहीत उतरवून घ्यायचे, तारीख घालायचे, महत्त्वाच्या वाक्याखाली पट्टी धरून रेघ मारायचे. अकरा वर्षांत अशा सात वह्या भरत आल्या होत्या.

आता गंमत अशी, की काकांच्या घरात बाग सोडा, कुंडीसुद्धा नव्हती. तिसरा मजला, समोर हातभर अंतरावर दुसरी इमारत. खिडकीच्या कट्ट्यावर ऊन यायचं ते सकाळी वीस मिनिटं, तेही पाहुण्यासारखं. घरात हिरवं म्हणाल तर न्हाणीघरातली एक प्लास्टिकची बादली. पण सल्ला द्यायला कुंडी लागत नाही. पोस्टमन पत्र द्यायला आला की काका त्याच्या लिंबाच्या झाडाची चौकशी करायचे. खोकला दाखवायला दवाखान्यात गेले, तर दारातल्या जास्वंदीला मावा नावाची कीड पडलीय असं निदान डॉक्टरांनाच ऐकवून, साबणाच्या पाण्याचा उपाय लिहून देऊन आले. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोक समोर माना डोलावतात आणि पाठ वळली की हसतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हसणाऱ्यांचे ब्लाउज त्याच शिवत होत्या, मापं घेताना सगळं कानावर येई.

काकांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढरं फडकं. घड्याळ उघडलं की निघेल तो भाग त्या फडक्यावर क्रमानं मांडायचा आणि उलट्या क्रमानं परत बसवायचा. चाळीस वर्षांत एक स्क्रू हरवला नाही, याचा त्यांना अभिमान. नजर उतरल्यावर दुकान बंद केलं. त्यानंतर शनिवारचे चार हीच त्यांची आठवड्याची खरी वेळ उरली होती.

थंडीच्या शेवटाशेवटाला एका रविवारी लेक आली. ती सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. तिथं तिला सगळे ताई म्हणायचे, घरात मात्र चौतिसाव्या वर्षीही ती चिमणीच होती. चपला काढायच्या आतच म्हणाली, "आई, मी एक घोळ घालून बसलेय."

घोळ असा होता. वाचनालयाच्या मागे एक छोटं अंगण होतं. मोडके बाक, विटांचे तुकडे, आणि भिंतीवर कधीकाळी कुणीतरी लावलेला एक वेलगुलाब, ज्याला पाच वर्षांत फूल आलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष रस्ते खात्यातले निवृत्त इंजिनिअर. मातीचा मोकळा तुकडा दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. अंगणावर सिमेंट ओतून स्कूटर लावायला जागा करायची, असा त्यांनी ठराव आणला. चिमणीला तिथं वाचकांना बसायला बाग हवी होती. बैठकीत शब्दानं शब्द वाढला. अध्यक्ष म्हणाले, "बाग सांभाळणार कोण? तुम्हाला त्यातलं काही कळतं का?"

"आणि मी म्हणाले," चिमणीनं मान खाली घातली, "माझे वडील अकरा वर्षं बागकामात आहेत."

काकूंचा हात मशीनच्या चाकावर थबकला. "बागकामात? अगं, ह्यांनी आयुष्यात कुंडी उचललेली नाही!"

"माहितीये गं. तोंडातून निघून गेलं. ते म्हणाले, बरं, मग आणा त्यांना. वार्षिक सभा अकरा आठवड्यांवर आहे. तोवर अंगण बसण्यासारखं झालं आणि त्या गुलाबाला फुलं आली, तर ठराव मागे घेतो. नाही तर दुसऱ्या दिवशी सिमेंट." चिमणीनं एकदाच्या चपला काढल्या. "सहा वर्षं त्या समितीत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, आई. हा खोटा ठरला तर पुढं माझं कोण ऐकेल?"

काकू काही बोलणार तोच आतून आवाज आला. काका कपाटापाशी गेलेसुद्धा होते. "वेलगुलाब," ते पानं उलटत म्हणाले, "वही चार, पान एकशे बारा. चिमणे, भिंत पूर्वेला आहे की दक्षिणेला?"

काकूंनी कपाळाला हात लावला. पण त्यांना खरी धास्ती वाटली ती यानं, की काकांचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता. हा माणूस तोंडावर पडला तर एकटा पडणार नव्हता. लेकीचा शब्द जाणार होता आणि त्याची अकरा वर्षंही जाणार होती, आणि हसायला तर सगळा मोहल्ला टपलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून दोघं रोज सकाळी वाचनालयाच्या मागल्या दारानं आत जाऊ लागले. काकू कशाला गेल्या? विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, डबा द्यायला. पण डबा देऊन त्या परत येत नव्हत्या. मशीनवर तीन गणवेश अर्धवट पडले होते, ते तसेच पडून राहिले.

आणि काकूंना कबूल करावं लागलं, की माणसानं वहीत उगाच रेघा मारल्या नव्हत्या. काकांनी आधी माती मुठीत दाबून बघितली. गोळा फुटेना. "चिकण आहे," ते म्हणाले आणि वाळकी पानं, बारीक वाळू आणि महापालिकेच्या बागेतून मागून आणलेलं कुजलेलं खत पाट्या पाट्या त्यात मिसळलं. विटांचे तुकडे फेकले नाहीत, त्यांचीच वाफ्यांना कड केली. बाकांचे खिळे ठोकले. रोपं आणली ती थेट उन्हात न ठेवता आधी चार दिवस सावलीत, मग अर्धा दिवस उन्हात, मग पूर्ण दिवस, अशी बाहेरच्या हवेला सरावू दिली. संध्याकाळी उकिडवं बसून गोगलगायी वेचल्या आणि, मारवेना म्हणून, डब्यात भरून नाल्यापलीकडे सोडून आले. वाचक खिडकीतून डोकावू लागले. पेपर वाचायला येणारा एक म्हातारा तर पेपर घडी करून बाहेरच येऊन उभा राहायचा. चार आठवड्यांत अंगणाला रूप आलं आणि काकू मनातल्या मनात म्हणाल्या, निम्मी लढाई तर मारली.

राहिला गुलाब.

त्याला मुळापासून सात जाड फांद्या होत्या. चार जुन्या, मनगटाएवढ्या, साल करडी आणि भेगाळलेली. तीन कोवळ्या, हिरव्या, भिंतीवरून सरळ आभाळाकडे गेलेल्या. वही चारमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, खाली दुहेरी रेघ: जुन्या फांद्या जमिनीलगत कापा, दया करू नका. कोवळ्या राखून भिंतीवर आडव्या वाकवून बांधा. बाजूच्या काड्या दोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागा ठेवून, छाटा. आणि हे सगळं डोळे फुगायच्या आत.

काकांनी कात्री घेतली. तासाभरानं काकू जवळ येऊन बघतात, तर गुलाब होता तसाच. खाली जमिनीवर पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर काडेपेटीतल्या काडीएवढ्या तीन काटक्या ओळीनं मांडलेल्या, आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी: एक, दोन, तीन.

"हे काय?" काकू म्हणाल्या. "परत बसवायच्या आहेत का?"

काका ओशाळले. "सवय गं."

"आणि त्या चार जाड?"

"उद्या," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते भिंग लावून प्रत्येक फांदी बघत बसले. तिसऱ्या दिवशी करवत साफ केली, तेल दिलं. चौथ्या दिवशी जुन्या फांदीला करवत लावली, दोनदा मागेपुढे केली आणि थांबले. "ही जिवंत आहे गं," ते हळूच म्हणाले. "टोकाला दोन पानं आहेत. चाळीस वर्षांत मी कशातला एक भाग काढून टाकला नाही. काढला तो बसवला. हे कापलं की कापलं."

"पण तुमच्याच वहीत लिहिलंय ना?"

"लिहिलंय. हात ऐकत नाही."

काकूंना त्यांची कीव आली आणि रागही आला. उद्या, उद्या करत आठवडा गेला. सोमवारी सकाळी काका चिमणीशी आत काहीतरी बोलत होते तेव्हा काकू गुलाबापाशी गेल्या. कोवळ्या फांद्यांवरचे डोळे लाल होऊन टपोरायला लागले होते. आणि काकूंच्या कानात सवतीचा आवाज आला, अगदी शेजारी उभी राहून बोलावी तसा: आत्ता कापलं नाही तर झाड सगळी ताकद म्हाताऱ्या लाकडात घालील आणि तुम्ही वर्षभर पानं मोजत बसाल.

हे वाक्य काकूंनी कधी वाचलं नव्हतं. अकरा वर्षं बहुतेक वेळ टीव्हीकडे पाठ करून, मशीन चालवत, त्यांनी ते ऐकलं होतं. किती वेळा ऐकलं होतं ते त्यांना आत्ता कळलं. फांदी कुठं कापायची, काप तिरका कुठल्या बाजूला घ्यायचा, पाणी डोळ्यावर न उतरता मागे कसं उतरलं पाहिजे, सगळं त्यांना येत होतं. आणि कापण्याचं म्हणाल तर त्यांचा हात कधी अडखळला नव्हता. लोकांची महागडी कापडं त्या खडूच्या एका रेघेवर सरळ बेतत आल्या होत्या. कापडसुद्धा एकदा कापलं की कापलंच. भ्यायलं तर अंगात घालायला काही तयार होत नाही.

त्यांनी पदर खोचला, करवत उचलली आणि पहिली म्हातारी फांदी जमिनीलगत कापली. मग दुसरी. मग तिसरी. काटे हातात घुसले, मनगटावर रक्ताच्या रेघा उमटल्या, पण काकू थांबल्या नाहीत. चौथी पडली तेव्हा भिंतीवरून सगळं जाळं एकदम खाली कोसळलं.

आवाजानं काका धावत बाहेर आले. समोर बघून त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. भिंत उघडी बोडकी, खाली काट्यांचा ढीग, आणि ढिगाच्या मधोमध करवत धरून उभी बायको.

"मारलंस तू ते," काका म्हणाले.

"तुमच्या वहीत लिहिलंय तेच केलं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर म्हणाला असतात, उद्या."

त्यावर काकांनी तोंड मिटलं ते मिटलंच. काकू एकट्याच उरलेल्या तीन फांद्या वाकवून भिंतीवर बांधू लागल्या. चिंध्यांच्या पट्ट्या सोबत आणल्या होत्या. दोन गाठी मारून झाल्या तसे काका मागून आले. त्यांनी ती गाठ सोडली, पट्टीला मध्ये एक पीळ दिला, आठाच्या आकड्यासारखी फांदीभोवती आणि खिळ्याभोवती फिरवली आणि सैल बांधली. पुढची बांधली. त्याच्या पुढची बांधली. शेवटी न राहवून म्हणाले, "घट्ट बांधलं की फांदी जाड होताना फास बसतो." त्या दिवशी ते एवढंच बोलले. पण त्यांची बोटं काय सुरेख चालत होती! काकूंनी हात मागे घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या.

मग वाट बघणं आलं, आणि ते फार वाईट गेलं. एक आठवडा गेला, दोन गेले. भिंतीवर तीन आडव्या काठ्या, जमिनीत चार खुंट. जे डोळे टपोरले होते तेही होते तिथंच थिजून बसल्यासारखे. अध्यक्ष एक चक्कर टाकून गेले. खुंटांकडे बघून म्हणाले, "छान, आम्हाला तोडायचे श्रम वाचले." मग खिशातून टेप काढून त्यांनी अंगणाची लांबी-रुंदी मोजली. चिमणी ओठ चावत उभी होती. ती आईला एका शब्दानं बोलली नाही, आणि काकूंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. रात्री कूस बदलत त्या स्वतःलाच विचारायच्या, कोण शहाणी लागून गेलीस तू? टीव्हीचा आवाज ऐकून कुणी माळीण होतं का?

त्या शनिवारी चार वाजले तरी काकांनी खुर्ची ओढली नाही. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अकरा वर्षांत असं घडलं नव्हतं. काकूंना ती शांतता सोसवेना. त्यांनी मशीन थांबवली, उठल्या, टीव्ही लावला आणि स्वतः खुर्चीत बसल्या. सवतीचं तोंड त्या पहिल्यांदाच नीट बघत होत्या. बाईच्या डोळ्यांभोवती हसून हसून सुरकुत्या पडल्या होत्या. चांगली वाटली.

बाई कुणाच्या तरी वाळलेल्या डाळिंबाच्या झाडापाशी उभी होती. म्हणत होती, झाड मेलं असं लगेच ठरवू नका. नखानं साल एवढीशी खरवडा. खाली तपकिरी निघालं तर गेलं. हिरवं निघालं तर गप्प बसा आणि पाणी द्या.

"अहो," काकू ओरडल्या, "उठा! भिंग घ्या!"

वाचनालय बंद व्हायला तासभर होता. दोघं जवळजवळ पळतच गेले. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, खिशातून घड्याळाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मधल्या फांदीची साल अशा हातानं उचलली, की जणू एखाद्या जुन्या घड्याळाचं झाकण उघडत आहेत. काकू त्यांच्या खांद्यावरून वाकल्या.

"काय दिसतंय? बोला ना!"

काकांनी भिंग काढून बायकोच्या हातात दिलं. काकूंनी डोळ्याला लावलं. आत ओलसर, चकचकीत, कोवळ्या काकडीसारखं हिरवं होतं. तिन्ही फांद्या तशाच. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि तिथंच बाकावर बसून त्या रडल्या. काका शेजारी बसले. "करवत मी धरली असती तर अजून पहिल्या फांदीवर असतो," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "पाणी आणतो."

त्यानंतर पाच दिवसांनी पहिला धुमारा फुटला, लालचुटूक, बोटाच्या पेराएवढा. आडव्या बांधलेल्या फांदीवर डोळ्याडोळ्यातून असे धुमारे उभे राहू लागले, शाळेतल्या मुलांनी ओळीनं हात वर करावेत तसे. काका रोज मोजायचे आणि सातव्या वहीत लिहायचे. एक्केचाळीस. त्र्याण्णव. धुमाऱ्यांना कळ्या धरल्या तेव्हा तर पेपर वाचणारा तो म्हातारा सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच दारात येऊन बसू लागला. अध्यक्ष मात्र त्या दिवसांत फिरकले नाहीत. त्यांनी मापं घेतली होती, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

सभेच्या दिवशी भिंत दिसत नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट गुलाबी फुलं, गुच्छावर गुच्छ, बाकावर बसलेल्याच्या खांद्याला लागतील एवढी खाली आलेली. सभासद आत हॉलमध्ये जायच्या ऐवजी मागल्या दारात गर्दी करून उभे होते. काकूंची नेहमीची गिऱ्हाइकं त्यात होती, दवाखान्यातले डॉक्टर होते. काकू स्वतः शिवलेलं नवं लुगडं नेसून... नाही, शिवलेलं कसं असेल, स्वतः शिवलेला ब्लाउज आणि ठेवणीतली साडी नेसून उभ्या होत्या. त्या दिवशी सांगणाऱ्याचीसुद्धा जीभ अशी अडखळावी, एवढ्या त्या छान दिसत होत्या.

अध्यक्ष आले ते काखेत फाईल घेऊन. दारातच थांबले. फाईल या काखेतून त्या काखेत गेली. बराच वेळ त्यांनी भिंतीकडे पाहिलं. माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. पुढं होऊन त्यांनी काकांचा हात धरला.

"मानलं तुम्हाला. काम जाणकाराचं आहे. कुठल्या बागेत होतात नोकरीला?"

चिमणीचा चेहरा उतरला, मान कानापर्यंत लाल झाली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोटं त्यांना बोलता येत नसे आणि खरं बोललं तर लेकीचं नाक कापलं जाणार होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

काकूंनी लोकांकडे पाहिलं. याच तोंडांना त्या अकरा वर्षं भीत आल्या होत्या. आणि आश्चर्य म्हणजे आज त्यांना कसलीच लाज वाटेना. उलट छाती भरून आली होती, इतकी की हे आपण सांगितलं नाही तर आपण गुदमरू, असं त्यांना वाटलं.

"आमच्या बाहेरच्या खोलीत," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "दर शनिवारी, चार ते साडेचार. अकरा वर्षं. मधला एक शनिवार सोडला तर खाडा नाही."

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे टीव्हीवर बघून शिकले. हे घड्याळं दुरुस्त करायचे. या अंगणात यायच्या आधी यांनी कुंडीसुद्धा उचलली नव्हती. पण एक शब्द वाया जाऊ दिला नाही. सात वह्या आहेत, उद्या आणून दाखवते. तुम्ही रस्ते बांधायचं आधी पुस्तकातच वाचलंत ना?"

मागं कुणीतरी हसलं, पण ते हसणं काकांना नव्हतं.

अध्यक्ष चिमणीकडे वळले. "ताई, तुम्ही आम्हाला सांगितलंत की..."

"फुगवून सांगितलं," चिमणी म्हणाली. तिनं मान वर केली होती. "ते चुकलंच माझं. पण त्यांना येतं हे मला माहीत होतं."

अध्यक्षांनी फाईल उघडली, त्यातला एक कागद काढला, चार घड्या घालून खिशात टाकला. "सभा आत कशाला?" ते जरा घुश्शातच म्हणाले. "खुर्च्या इकडं आणा."

लोक खुर्च्या आणायला वळणार तेवढ्यात काका म्हणाले, "एक मिनिट."

भर सभेत कधी न बोललेला हा माणूस. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "हिनं एक सांगितलं नाही. वह्या माझ्या आहेत, पण मला झाड कापवेना. आठ दिवस मी करवतीला नुसतं तेल देत होतो. चारही फांद्या हिनं कापल्या, एकटीनं. आणि मी हिला बोललो, की तू मारलंस." ते थांबले. "हे झाड हिचं आहे. लिहून घ्यायचं असेल तर तसं लिहा."

चिमणीनं सभेच्या वृत्तांताचं पुस्तक उघडलं आणि लिहायला लागली.

काकूंना कुणी काही बोललं की त्यांच्या जिभेवर उत्तर तयार असे. गिऱ्हाईक असो, नवरा असो, नाही तर टीव्हीवरची बाई असो. त्या दिवशी सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं आणि त्यांना एकही शब्द सापडेना. त्या काकांच्या शेजारी, भर लोकांत, मान ताठ ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.